जोडलेल्या हातांची येळवस

आमच्या सुनेचं, दानेश्वरीचं, म्हणणं असं की फोनमध्ये जास्त वेळ घातला तर माणसाचं समाधान कमी होतं. ती कॉलेजात शिकवते, त्यामुळे तिचं म्हणणं कुठल्यातरी पुस्तकात छापलेलं असतंच. मी विचारलं, "पोरी, समाधान मोजायचं माप कुठलं?" अर्धं आयुष्य मी बिदरच्या गंजात, म्हणजे धान्यबाजारात, तुरीची मापं घातली. कमी की जास्त, हे काट्यावर चढवल्याशिवाय मी कुणाचं ऐकत नाही. ती म्हणाली, माणसालाच विचारतात, तुम्ही समाधानी आहात का, आणि तो सांगेल ते लिहून घेतात. म्हणजे ज्याची तूर त्यालाच वजन विचारायचं! एखाद्या आडत्यानं असा धंदा केला असता तर संध्याकाळच्या आत त्याची गादी रस्त्यावर आली असती.

माझी बाजू साधी आहे. मी अक्षरं शिकलो तेव्हा मिशा पिकायला लागल्या होत्या. साक्षरतेच्या वर्गात 'कमळ बघ, बदक बघ' असं वाचून घेतलं. ते वाचता आल्यावर मी वाट बघत बसलो, की आता कुणीतरी काहीतरी लिहिलेलं माझ्यापुढं येईल. आमच्या नौबादमध्ये काय येणार? बसच्या पाट्या कानडीत. कानडी मी मराठीइतकीच फडाफडा बोलतो, पण तिचं एक अक्षर ओळखत नाही, कारण आमच्या वर्गाचे मास्तर मराठीचे होते. मग कितीतरी वर्षांनी हा फोन आला. बघतो तर गावच्या गाव मला कळणाऱ्या अक्षरांत लिहायला लागलेलं. कुणाची म्हैस व्याली, कुणाचा जावई रुसला, कुणाच्या गुडघ्यात वाटी बसवली. ज्याच्यापुढं इतक्या उशिरा ताट आलं, त्याला "जरा हळू जेवा" म्हणून सांगू नये. पाप लागतं.

आता थोडं जास्त जेवलो असेन. नाही म्हणत नाही. पण त्यालाही कारण आहे. आमच्यात वाटेनं जाताना कुणी "शरणु" म्हटलं आणि आपण "शरणार्थी" न म्हणता पुढं गेलो, तर तो माणूस तीन पिढ्यांचं वैर धरतो. फोनमध्ये माझी सातशे माणसं. ती सगळी सकाळी उठून शरणु म्हणतात, फुलं पाठवतात, वर सूर्य उगवलेला असतो तो वेगळा. आता मी काय निम्म्यांना ओळख देऊन निम्म्यांना तोंड फिरवू? मी प्रत्येकाला दोन जोडलेले हात पाठवतो. शेवटच्या माणसापर्यंत पोचेस्तोवर चहा गार होतो. माझी बायको महादेवी तो पुन्हा गरम करून आणायची. एकदा तिनं रागानं कालचाच चहा पुढं ठेवला. मी तो पिऊन "आज आलं चांगलं पडलंय" म्हणालो. एवढ्यावरून घरात माझ्याबद्दल जे बोललं गेलं, ते मी इथं लिहीत नाही.

ठिणगी पडली ती मात्र परक्या माणसासमोर. शेजारचे तिप्पण्णा, वीजखात्यातून निवृत्त झालेले, आमची शिडी परत द्यायला आले होते. मी त्यांना फोन दाखवून म्हणालो, "सातशे माणसं जोडलीत बघा." दानेश्वरी आतून म्हणाली, "अप्पा, त्या सातशेतला एक तरी माणूस आपल्या दारात येऊन तांब्याभर पाणी पिईल का?"

तिप्पण्णा शिडी धरून तसेच उभे राहिले. माणसाला जायचं असतं, पण असं ऐकल्यावर जाववत नाही.

"येळवसला बघ," मी म्हणालो. "शेतात पाय ठेवायला जागा राहायची न्हाई."

"आणि न्हाई आलं कोणी तर?"

"एकही माणूस आला न्हाई, तर हा फोन तुझ्या कपाटात. मी बटणांचा डबा वापरीन मरेपर्यंत."

"शब्द?"

"शब्द!"

बोलून गेलो आणि मग आठवलं. बटणांच्या डब्यावर वाचायला काही नसतं. कुणाचा जावई रुसला हे मला मग कोण सांगणार? पण तिप्पण्णा साक्षीला होते. शिडीही होती.

लांबच्या वाचकांसाठी सांगतो. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी आमच्या भागातली गावं ओस पडतात. सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करून लक्ष्मी पुजायची, पिकावर अंबील शिंपडायची, आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाची पोळी खाऊन अंबील प्यायची. भज्जी म्हणजे पुणे-मुंबईची तळलेली भजी नव्हेत. आमच्याकडं रानातल्या सगळ्या भाज्या आणि कोवळे दाणे बेसनात शिजवतात, तिला भज्जी म्हणतात. या दिवशी वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवतात, आणि तोही नाही म्हणत नाही. माझं गणित त्यावरच होतं.

पूर्वी आवतण घरोघर जाऊन द्यावं लागायचं. मी फोनवर लिहिलं : 'शरणु शरणार्थी. येळवसला आमच्या जनवाड्याच्या शेतात अंबील प्यायला सहकुटुंब यावे. घरी येऊन सांगणे जमणार नाही, हेच आवतण समजावे.' शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं. लग्नपत्रिकेच्या तोडीचं वाटत होतं.

महादेवी म्हणाली, "आवतण तोंडानं देत्यात. असं भिंतीला चिकटवून देतंय का कोणी?"

"जमाना बदलला."

"पोट बदललंय का?"

बायकांना लेखी कारभार कळत नाही असं मी मनात म्हणालो. मोठ्यानं म्हणालो नाही. तिप्पण्णांनी सल्ला दिला की नुसतं लिहून चालत नाही, जागेचा ठिकाणा टाकावा लागतो. त्यांनी माझा फोन घेतला, दोन-चार जागी बोट मारलं आणि म्हणाले, "झालं. आता आंधळा बी बरोबर येतोय."

मग सुरू झाला हातांचा पूर. जोडलेले हात, लाल बदाम, फुलं, पुन्हा हात. आमच्यात आवतण देणाऱ्यापुढं हात जोडले म्हणजे आवतण मान्य. मी जेवता जेवता हात मोजायला लागलो आणि महादेवीला मोजता येणार नाहीत इतक्या पोळ्या लाटाव्या लागतील, असा हिशेब निघाला. मठातून दासोहाचं, म्हणजे अन्नदानाचं, मोठं पातेलं मागून आणलं. देणाऱ्यानं विचारलं, "अप्पा, लगीन कोणाचं?" मी म्हणालो, "कोणाचं न्हाई, माझ्या ओळखीचं." त्यानं मुकाट्यानं पातेलं दिलं, पण दोन वेळा वळून बघितलं.

अंबिलीला ताक लागतं. एवढ्या माणसांच्या अंबिलीला नौबादमधल्या म्हशी पुरत नाहीत. मी चरवी घेऊन घरोघर फिरलो. प्रत्येक घरात ताकाबरोबर सल्ला मिळाला. एकीनं सांगितलं, ज्वारीचं पीठ दोन दिवस आधी भिजवा. दुसरीनं सांगितलं, दोन दिवस ठेवलं तर माणसं उलट्या करत जातील. तिसरीनं नुसतंच विचारलं, "आवतण द्यायला आला न्हाईत, ताक मागायला कसं जमलं?" त्यावर मी तिला फोन दाखवला. तिनंही तिच्या फोनवरून तिथंच मला हात जोडले. प्रत्यक्षात एका हातात फोन आणि एका हातात ताकाचं भांडं होतं, त्यामुळे खरे हात जोडायला तिला जागा नव्हती.

मध्येच पोलीस ठाण्यातून फोन आला, की तुम्ही शेतात मोठा कार्यक्रम ठेवलाय असं समजलं, परवानगी घेतली का? गेलो. तिथल्या भल्या जमादारांनी खुर्ची दिली आणि अर्ज कानडीत लिहून द्यायला सांगितलं. मी अस्खलित कानडीत सांगितलं की मला कानडी लिहिता येत नाही. बाहेर एक अर्ज लिहिणारा बसतो, त्यानं माझं बोलणं लिहून दिलं. जमादारांनी वाचलं. "कार्यक्रम कोणाचा?"

"लक्ष्मीचा."

"पक्ष कोणता?"

"मार्गशीर्षातला वद्य."

"भाषण कोण करणार?"

"आमची सून. पण ते ती रोजच करते."

"माणसं किती?"

मी फोन पुढं केला. त्यांनी बोट फिरवत फिरवत बघितलं आणि एकदम हसले. "अहो, हे तुमचं होय? मी बी हात जोडले होते याला."

माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. "मग येणार ना?"

"कुठलं हो. त्या दिवशी ड्युटी आहे." आणि जेवणाला परवानगी लागत नाही असं म्हणून त्यांनी अर्ज मला परत दिला. कानडी अर्ज. मी तो अजून वाचलेला नाही.

येळवसच्या सकाळी ट्रॉलीतून निघालो. पातेल्यात अंबील, पातेल्यावर फडकं, फडक्यावर तिप्पण्णा. त्यांनीच सुचवलं होतं की वर वजन पाहिजे. जनवाड्याच्या वाटेवर पहिला खड्डा आला तेव्हा अंबिलीनं तिप्पण्णांना वर उचललं आणि दुसऱ्या खड्ड्याला आत घेतलं. पूर्ण नाही, कमरेपर्यंतही नाही, पण धोतर कामातून गेलं. महादेवीनं त्यांच्याकडं असं बघितलं की त्यांनी उरलेला रस्ता चालत येतो म्हणून सांगितलं. वरची अंबील काढून टाकली. खालची चांगली होती. शेतात ज्वारी कमरेला लागली होती, हरभरा घाट्यांवर आला होता. कोप झाली, पूजा झाली, माझा मुलगा मृत्युंजय अंबील शिंपडत बांधाबांधानं फिरून आला. बायकांनी चादरी अंथरल्या. मी बांधावर उभा राहिलो, पाहुण्यांना लांबून दिसावं म्हणून. फेटा बांधला होता.

पहिल्यांदा कुत्रं आलं. मग बराच वेळ कुणी आलं नाही.

"येतील," मी म्हणालो. "आधी आपापली पूजा उरकतील."

ऊन डोक्यावर आलं. तिप्पण्णा धोतर वाळत घालून टॉवेलवर बसले होते. ते म्हणाले, "ठिकाणा बरोबर लागलाय का बघतो," आणि फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरून बघितला. त्यांनी ठिकाणा टाकला तो आमच्या घरी बसून टाकला होता, त्यामुळे फोन सगळ्या जगाला आमच्या नौबादच्या घराकडं बोलावत होता. मला केवढा आनंद झाला काय सांगू! म्हणजे माणसं आली होती! नुसती चुकली होती! मी घाईघाईनं शेतात न गेलेल्या एका शेजाऱ्याला फोन लावला, म्हटलं आमच्या दारात गर्दी असेल, त्यांना जनवाड्याकडं पाठव. तिकडून उत्तर आलं, "दारात कोणी न्हाई. पायरीवर शेळी बसलीय. पाठवू का?"

दानेश्वरी तोंडाला पदर लावून कोपीमागं गेली. मी म्हणालो, "तिप्पण्णा आलेत ना? ते बी हायत माझ्या फोनात."

"तिप्पण्णा काका फोनातून न्हाई आले," ती कोपीमागून म्हणाली, "अंबिलीतून आलेत."

माझं डोकं फिरलं. मी वाढलेल्या पानांचा फोटो काढला, पाठीमागचं पातेलं दिसेल असा, आणि फोनवर टाकला : 'या, वाट बघायलोय.' डोळ्याचं पातं लवायच्या आत लाल बदाम आला. रेवणसिद्धचा.

आता हा रेवणसिद्ध म्हणजे माझा लहानपणापासूनचा मित्र. त्याचं शेत आमच्या शेताला लागून. मधे एक बांध आणि एक बाभळ. सकाळी सातशे जणांत पहिला शरणु त्याचाच असतो. रोज फोनवर भेट होते, त्यामुळे समोरासमोर भेटायचं आमचं केव्हापासून राहिलंय हे आठवतसुद्धा नव्हतं. मी टाचा उंचावून बघितलं. बाभळीपलीकडं त्याची कोप होती आणि कोपीपुढं तो स्वतः बसला होता. हातात फोन होता. हाकेच्या अंतरावरून मला बदाम पाठवत होता!

"बघितलंस?" मी महादेवीला म्हणालो. "उठून चार पावलं टाकायची सोडून बदाम टाकायलाय. ह्याला मित्र म्हणायचं?"

"मग हाक मारा की."

"मी कामून मारू? मी आवतण दिलंय. त्यानं हात जोडलेत. आता यायचं त्यानं."

तेवढ्यात त्यानंही एक फोटो टाकला. वाढलेली पानं, मागं मोठं पातेलं, माणूस एक नाही. खाली लिहिलेलं : 'या.' मी सवयीनं हात जोडले आणि पाठवून दिले. पाठवल्यावर माझं बोट तिथंच थबकलं. मी मागं मागं सरकवत गेलो. आठवड्यापूर्वी रेवणसिद्धनं आवतण टाकलं होतं. त्याखाली माझे जोडलेले हात. हुमनाबादच्या एका सोयऱ्यानं टाकलं होतं. माझे हात. दुबळगुंडीच्या माणसानं टाकलं होतं. हात, वर फूल. जिथं बघावं तिथं आवतण आणि प्रत्येकाखाली मी हात जोडून उभा. सातशे माणसं आपापल्या शेतात पानं वाढून बसली होती, प्रत्येकानं बाकीच्या सगळ्यांना यायचं कबूल केलं होतं, आणि प्रत्येकजण बांधावर फेटा बांधून बाकीच्यांना शिव्या देत होता. त्या शिव्यांत माझ्या वाटणीच्या किती असतील याचा अंदाज करवेना.

दानेश्वरीनं माझ्या खांद्यावरून वाचलं. हसली मात्र नाही. "अप्पा," ती हळूच म्हणाली, "राहू द्या. जेवून घ्या. फोनचं घरी गेल्यावर बघू."

तिनं टोमणा मारला असता तर मी मुकाट जेवलो असतो. पण तिला माझी दया आली, आणि दया मला सोसत नाही. अंगठा उठवायचे दिवस होते तेव्हा दयेनं बघणारी माणसं पुष्कळ बघितलीत मी. मी उठलो. बिंदगीत, म्हणजे लहान घागरीत, अंबील भरून घेतली, ती खांद्यावर ठेवली आणि बांधाकडं निघालो.

"कुठं निघालाव?" महादेवी ओरडली.

"हात जोडलेत त्याला."

बांध चढताना धाप लागली. बाभळीचा काटा धोतरात अडकला. पलीकडून ईरम्माचा, म्हणजे रेवणसिद्धच्या बायकोचा, आवाज येत होता, "सकाळधरनं बांधाकडं बघायलेत, एक माणूस आलं न्हाई. म्हणे माझी आठशे माणसं हायत!" आठशे! आमच्यापेक्षा शंभर जास्त. ते मनाला लागलंच, पण चालत राहिलो.

रेवणसिद्धनं मान वर केली. डोळे बारीक केले. "कोण?"

"शरण्या."

"शरण्या? फोटोत तर जवान दिसतूस रं."

"तुझ्या फोटोत बी दात हायत."

त्याला हसू आलं आणि खरंच, वरच्या ओळीत एकही दात नव्हता. शेजारी काठी पडली होती. ती कधीपासून लागली, मला माहीत नव्हतं. रोज सकाळी मी त्याला हात जोडत होतो आणि त्याला काठी लागलेली मला माहीत नव्हती.

"कधी झालं हे?"

"पाय घसरला गोठ्यात. टाकलं होतं की फोनवर. तू बदाम पाठवला होतास."

मी बिंदगी खाली ठेवली.

"ईरम्मा," तो काठीनं जमीन ठोकत ओरडला, "बघ! हात जोडले होते, आलाय! फोनातलं माणूस न्हाई येत म्हणत होतीस ना? हे काय मग?"

ईरम्मानं कमरेवर हात ठेवून मला खालून वरपर्यंत बघितलं आणि पान वाढायला घेतलं. एवढ्यात बांधावरून दानेश्वरी, मृत्युंजय आणि टॉवेलातले तिप्पण्णा उतरून आले. मी संधी सोडली नाही.

"रेवण्या, समद्यांसमोर सांग. मी कुठनं आलोय?"

"फोनातनं."

"ऐकलंस, पोरी? सातशेतलं एक तरी माणूस जागचं हलंल का, असं तूच विचारलंवतंस. त्या सातशेत मी बी एक हाय. हललो."

"अप्पा, पैज तुमच्याकडं कोणी येण्याची होती. असं उत्तर कॉलेजात लिहिलं तर मी नापास करते."

"मी तुझ्या कॉलेजात न्हाई. शेतात हाय. साक्षीदार तिप्पण्णा हायत, विचार."

तिप्पण्णांनी टॉवेल सावरला, महादेवी जवळपास नाही याची खात्री केली आणि सांगितलं की शब्द देताना कुणी कुणाकडं यायचं हे नीट ठरलं नव्हतं, शिडीच्या गडबडीत राहून गेलं. दानेश्वरीनं पदर खोचला. "बरं. मग बाकी ज्यांना हात जोडलेत त्यांचं काय? ते सगळे बसलेत बांधावर. तिथं कोण जाणार?"

ती मला गप्प बसवायला म्हणाली होती, हे मला कळत होतं. पण एकदा काट्यावर चढलेलं माप मी अर्धवट उतरवत नाही. रेवणसिद्धच्या पानावरचे दोन उंडे आणि भज्जी उभ्या उभ्या खाल्ली. "ट्रॉली काढ," मी मृत्युंजयला म्हणालो. "पातेलं अजून निम्मं हाय. रेवण्या, उठतोस?"

"काठी लागतीय."

"काठी घेऊन उठ."

त्याला ट्रॉलीत चढवायला तिघं लागले. महादेवीनं पातेल्यावर स्वतः हात ठेवला, तिप्पण्णांना सगळ्यात मागं बसवलं. दानेश्वरी नाही येणार म्हणाली आणि मग पोळ्यांची दुरडी घेऊन पुढं येऊन बसली. फोन माझ्या खिशात वाजत होता. वाजू दिला.

पुढच्या शिवारात एक म्हातारा एकटाच बांधावर उभा होता. फेटा बांधलेला, समोर वाढलेली पानं, लांब रस्त्याकडं नजर. ट्रॉली थांबली तसा तो दोन पावलं मागं सरकला. एवढी माणसं, त्यांतला एक टॉवेलवर.

"कोण म्हणायचं आपण?" त्यानं विचारलं.

मी खाली उतरलो, फेटा सरळ केला, आणि बिंदगी त्याच्यापुढं धरली.

"आम्ही तुमच्या फोनातले."